पेढीचे काम आणि ‘लो-कोड’ आज्ञावली

हिशेबाचे साधन बदलले म्हणजे पेढीची रीतही बदलते, हा व्यापारी वर्गाचा जुना अनुभव होय. चोपड्यांची जागा संगणकाने घेतली, त्यात १९८६ साली गोयंका पितापुत्रांनी सुरू केलेल्या उद्योगाच्या ‘टॅली’चा वाटा मोठा आहे. परंतु वखारीतील थप्प्यांची नोंद, उधारीचा तगादा, मालगाडीचे भाडे ही कामे प्रत्येक पेढीत निराळ्या रीतीने चालतात. तयार आज्ञावली त्यांस नेमकी बसत नाही, आणि स्वतंत्र लिहवून घ्यावी तर खर्च व विलंब दोन्ही सोसावे लागतात.

ही अडचण दूर करू पाहणाऱ्या साधनांना ‘लो-कोड’ हे नाव २०१४ साली फॉरेस्टर या संशोधनसंस्थेने दिले. वस्तू मात्र नावाहून जुनी. आपल्याकडील झोहोचे ‘क्रिएटर’ २००६ मध्येच निघाले. कोष्टक मांडावे, त्यावरून नोंदीचा नमुना तयार व्हावा, ‘येणे तीस दिवसांवर गेल्यास स्मरणपत्र जावे’ असा नियम पडद्यावर निवडून द्यावा. बाकीची आज्ञावली यंत्रणाच पुरविते. नियम गुंतागुंतीचा झाला तर तेवढ्यापुरते हाताने लिहावे लागते.

वेळ वाचतो हे खरेच. पण माझ्या मते मोठा लाभ निराळा आहे. काम कसे चालते हे मुनीमजींना ठाऊक असते, आज्ञावली लिहिणाऱ्यास नसते. मुनीमजी स्वतः मांडणी करू लागले म्हणजे मधला दुभाषा नाहीसा होतो, आणि सकाळी ध्यानात आलेली उणीव दिवे लागण्यापूर्वी दुरुस्त होते.

तथापि ही भाड्याची वखार आहे, हे विसरून चालणार नाही. गूगलने आपले ‘अ‍ॅप मेकर’ जानेवारी २०२१ मध्ये बंद केले, तेव्हा त्यावर उभारलेले काम जसेच्या तसे दुसरीकडे नेता येईना. ते नव्याने बांधावे लागले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या ‘पॉवर अ‍ॅप्स’वर उभारलेल्या अनेक संस्थांच्या संकेतस्थळांतून सुमारे ३ कोटी ८० लाख नोंदी कोणासही पाहता येतील अशा स्थितीत असल्याचे अपगार्ड या संस्थेने उघड केले. कोष्टकांवरील परवानगीचे बंधन मुळात चालू नसे, ते बांधणाऱ्याने आठवणीने चालू करावयाचे होते. ग्राहकाची जन्मतारीख आपल्या कामाची नसेल तर ती मागूच नये, हे बरे. परिग्रहपरिमाणाचे अणुव्रत माहितीसही लावता येते.

कायद्याची बाजूही आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या जमाखर्चाच्या आज्ञावलीत प्रत्येक फेरबदलाची तारखेनिशी नोंद राहिली पाहिजे, व ती बंद करता येता कामा नये. म्हणून प्रायव्हेट लिमिटेड झालेल्या पेढ्यांनी कीर्द-खतावणी घरगुती बांधणीवर नेण्याच्या भरीस पडू नये. भागीदारी पेढीस हा नियम लागू नसला, तरी मुख्य वही हलविण्याची घाई तिनेही का करावी?

वखार, तगादा, भाडे यांपुरते हे साधन उत्तम. खाते पेढीच्या नावे असावे, नोकराच्या खासगी नावे नव्हे. तो सोडून गेल्यास किल्ल्याही जातात. वर्गणी बहुधा दर माणशी, दरमहा असते. तेव्हा दहा जणांचा वर्षाचा आकडा आधी मांडून पाहावा. दर आठवड्यास सर्व नोंदी उतरवून आपल्याच संगणकावर ठेवाव्यात. पहिले दोन महिने जुनी वही बाजूस चालू ठेवावी, आणि थप्प्यांची मोजणी दोन्हीकडे जुळू लागली म्हणजे मग ती बंद करण्यास हरकत नाही.