महिन्याची सरासरी 14 टक्के

सर्व्हरवर ताण किती, याचं उत्तर एका आकड्यात मागणाऱ्याला मी हल्ली उलट विचारतो, ‘कधी?’ ही खोड लागली ती एका पतसंस्थेच्या कामापासून.

तिथल्या मासिक अहवालात सीपीयूचा वापर 14 टक्के दाखवला होता. आठ कोअर आणि वापर एवढाच, म्हणजे भाडं फुकट चाललंय, असं संचालकांना वाटणं साहजिक होतं. व्हर्च्युअल मशीन चार कोअरवर आणलं. पुढच्या महिन्यात पेन्शन जमा झाली त्या सकाळी साडेदहाला काउंटर उघडले आणि पासबुकची एक नोंद छापायला मिनिट-मिनिट लागू लागलं. रांग जिन्यापर्यंत गेली. कॅशियरबाई बोलणी खात होत्या आणि आयटीवाले फोनवर तोच अहवाल वाचून दाखवत होते.

मला बोलावलं तेव्हा मी अहवाल बाजूला ठेवून मशीनवरच्या ‘सार’च्या जुन्या फायली उघडल्या. ‘सार’ ज्याचा भाग आहे ते सिसस्टॅट लिनक्सवर चालू असलं की सहसा दर 10 मिनिटांनी एक नोंद करतं. या फायली काही दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. इथे कुणीतरी ती मुदत वाढवून ठेवली होती, त्याचं भलं होवो. कपातीआधीच्या पेन्शनच्या दिवशी 10:40ची ओळ 82 टक्के दाखवत होती. दुपारी जेवणाच्या वेळेला 30च्या आसपास, रात्री दोन-तीन. आठ कोअरचे 82 टक्के म्हणजे साडेसहा कोअरचं काम. ते चारांवर मावणार कसं? ‘सार’च्या अहवालात तळाशी सरासरीची एक ओळ येते, तीत रात्रही धरलेली असते. अहवाल करणाऱ्याने रोजची तेवढीच ओळ उचलली आणि रविवारसकट महिन्याची पुन्हा सरासरी काढली. बेरीज-भागाकार अगदी बिनचूक होता.

आणि तो 82चा आकडाही सरासरीच. दहापैकी तीन मिनिटं मशीन 100 टक्क्यांवर आणि उरलेली सात 74वर असलं, तरी ओळीत 82च येणार. त्या तीन मिनिटांत आठ कोअर असतानाही लोक खोळंबले असतील, पण त्याची खूण कुठेच नाही. म्हणून नोंदीचं अंतर मी एका मिनिटावर आणायला सांगतो. फायली फुगतात, पण डिस्कचा खर्च त्या रांगेपेक्षा स्वस्त पडतो.

आलेखांचंही तेच. टोबियास ओटिकर यांचं एमआरटीजी हे आलेख काढणारं साधन 1995मध्ये आलं. त्याच्या दिवसाच्या आलेखात एक बिंदू 5 मिनिटांचा असतो, आठवड्याच्या आलेखात 30 मिनिटांचा, महिन्याच्या 2 तासांचा आणि वर्षाच्या आलेखात अख्ख्या दिवसाचा. एकच सुळका दिवसाच्या चित्रात छताला टेकतो आणि वर्षाच्या चित्रात दिसतही नाही. त्याच ओटिकर यांच्या आरआरडीटूलमध्ये जुन्या नोंदी दाबून ठेवताना सरासरीसोबत कमाल आकडाही राखता येतो. ही सोय पहिल्या दिवशीच चालू करायची असते. सहा महिन्यांनी सुचलं तर तोवरचे सुळके गेलेले असतात.

सारांश टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. वर्षभरात काम किती वाढलं, पुढच्या मार्चला किती लागेल, हे कच्च्या नोंदींच्या ढिगातून कळत नाही, तिथे सारांशच लागतो; फक्त तो कामकाजाच्या वेळेचा काढा. तक्रार मात्र ठरावीक माणसाची आणि ठरावीक मिनिटाची असते. तिला महिन्याचा आकडा दाखवणं हा निव्वळ उर्मटपणा आहे.

पर्सेंटाइलच्या बाबतीत फसगत जास्त होते, कारण तो शब्द वापरला की अहवाल शास्त्रीय वाटतो. एका सर्व्हरने लाखभर विनंत्या हाताळल्या, 95वा पर्सेंटाइल 200 मिलिसेकंद. दुसऱ्याने दोन हजार, तिथे 4 सेकंद. दोन्हींची सरासरी 2.1 सेकंद लिहिली, तर तो आकडा कुणाच्याच अनुभवाचा नाही. किती विनंत्या 100 मिलिसेकंदांच्या आत झाल्या, किती 200च्या, किती सेकंदाच्या, अशा मोजण्या सर्व्हरवार ठेवा. त्या बिनधास्त एकत्र मिळवता येतात, आणि पर्सेंटाइल त्या बेरजेवरून काढायचा.

कोअरची सरासरीही तपासा. एकाच धाग्यावर चालणारा व्याजआकारणीचा प्रोग्रॅम एक कोअर पूर्ण खात असतो, तेव्हा आठ कोअरच्या मशीनचा एकूण वापर दिसतो साडेबारा टक्के! उलट लिनक्सच्या लोड ॲव्हरेजमध्ये डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रक्रियाही धरल्या जातात, त्यामुळे लोड 20 दिसला म्हणून लगेच कोअर विकत घ्यायला धावू नका. आधी डिस्क बघा.

शेवटचं, आपल्याकडे हमखास चुकणारं. बरीच देखरेखीची साधनं दिवस यूटीसीप्रमाणे कापतात, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. रात्री बारानंतर चालणारं दिवसअखेरचं काम मग आदल्या तारखेत जमा होतं, आणि 1 तारखेच्या पहाटेची धावपळ मागच्या महिन्याच्या हिशेबात जाते. तासांचे तुकडेही आपल्या घड्याळाच्या अर्ध्या तासावर पडतात: यूटीसीतला पाचचा तास म्हणजे आपले साडेदहा ते साडेअकरा. अहवालाच्या माथ्यावर कोणती वेळ धरली आहे ते लिहिलेलं नसेल, तर मी तो वाचायच्या आधीच परत पाठवतो.