लॅपटॉप बंद झाला की बंद पडला?

वाचण्याआधी

घरातली वीज गेली की महाराष्ट्रात बहुतेक लोक म्हणतात, ‘लाइट गेली.’ पंखा थांबला, फ्रिज थांबला, वायफाय गेलं, तरी जाते ती ‘लाइट’च! तुमच्या घरी काय म्हणतात? आई-बाबांना विचारा.

पाठ

मराठीत ‘वीज’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी आहे. आकाशात चमकते ती वीज आणि तारेतून येते तीही वीज. तुम्ही न्यूझीलंडमध्ये राहता, म्हणून माओरी भाषेतली एक गंमत सांगते. माओरीत ‘हिको’ हा शब्द विजेच्या चमकण्यासाठी होता, आता तो तारेतल्या विजेसाठीही वापरतात. ‘रोरो’ म्हणजे मेंदू. म्हणून कॉम्प्युटरला माओरीत म्हणतात ‘रोरोहिको’, म्हणजे विजेचा मेंदू. या मेंदूची वीज अचानक गेली तर काय करायचं, ते आज वाचू.

आधी क्रियापद बघा. ‘मी लॅपटॉप बंद केला’ म्हणजे मी स्वतः केला. ‘लॅपटॉप बंद झाला’ म्हणजे आपोआप झाला, कदाचित परत चालूही होईल. ‘लॅपटॉप बंद पडला’ म्हणजे काहीतरी बिघडलं. (दुकान ‘बंद झालं’ तर उद्या सकाळी उघडेल. ‘बंद पडलं’ तर बहुधा कधीच नाही.)

आता हा फोन ऐका. वेलिंग्टनमध्ये जून महिन्यातल्या रात्रीचे नऊ वाजलेत, पुण्यात दुपारचे अडीच. मावशी कॉम्प्युटर दुरुस्त करते.

– मावशी, अगं माझा लॅपटॉप मेला!
– असं नको गं म्हणूस. नीट सांग. बंद झाला की बंद पडला?
– लिहिता लिहिता एकदम काळा झाला. बटण दाबलं तरी काहीच होत नाही. आजोबांचं रेकॉर्डिंग त्यातच आहे गं, आणि शुक्रवारी असाइनमेंट द्यायचीय.
– रेकॉर्डिंग कुठे पळून जात नाही. आधी सांग, पंख्याचा आवाज येतो का? एखादा तरी दिवा लागतो का?
– नाही. काहीच नाही.
– चार्जर लावलेला होता?
– हो, दुपारपासून लावलाय.
– चार्जरवरचा छोटा दिवा लागलाय का?
– थांब हं, बघते… नाही लागलेला.
– मग त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून बघ.
– लॅम्प लागला!
– म्हणजे भिंतीत वीज आहे, चार्जरच्या पुढे ती येत नाहीये. लॅपटॉपला अजून हातसुद्धा लावायचा नाही.

मावशीने प्रश्न कोणत्या क्रमाने विचारले ते पाहा. पंख्याचा आवाज आला असता, तर लॅपटॉप चालू आणि फक्त पडदा काळा, असंही असू शकलं असतं. ती वेगळीच तक्रार झाली. आवाजही नाही, दिवाही नाही, म्हणून ती भिंतीपासून सुरुवात करते: सॉकेट, मग चार्जर, मग बॅटरी, आणि शेवटी लॅपटॉपचं पोट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळं एकदम बदललं आणि लॅपटॉप चालू झाला, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

न्यूझीलंडमध्ये भारतासारखंच प्रत्येक सॉकेटला बटण असतं. ते बंद राहिलेलं असतं, आणि आपण तासभर लॅपटॉपला दोष देत बसतो. मल्टिबॉक्स वापरत असाल तर त्याचं बटणही बघा.

भारतातून आणलेला चार्जर इथे चालतो का? चालतो. दोन्ही देशांत वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झचीच असते. फरक फक्त पिनांचा: भारतातल्या गोल, इथल्या चपट्या आणि तिरक्या. मध्ये जोडायचा अ‍ॅडॅप्टर सैल असेल तर वीज येते-जाते आणि तो गरमही होतो. असा अ‍ॅडॅप्टर फेकून द्यावा, हे माझं स्पष्ट मत.

चार्जरवरचे बारीक आकडेही वाचायला शिका. 19.5 व्होल्ट आणि 3.34 अँपिअर असं लिहिलं असेल तर दोन्हींचा गुणाकार करा: साधारण 65 वॉट. फोनचा 20 वॉटचा चार्जर लॅपटॉपच्या भोकात बसला, तरी त्याची ताकद बहुधा पुरत नाही.

भाचीने मैत्रिणीचा तशाच ताकदीचा चार्जर आणून लावला. पाच मिनिटं काही नाही. पार उतरलेली बॅटरी लगेच उठत नाही. वीस मिनिटांनी बटण दाबलं आणि पडदा उजळला! तिचा चार्जर दुपारीच गेला होता. लॅपटॉप संध्याकाळभर बॅटरीवर चालला आणि ती संपल्यावर बंद झाला. भाचीला ते ‘अचानक’ वाटलं, एवढंच.

नवा चार्जर लावूनही काही झालं नसतं तर? मग मावशीने तिला चार्जर काढायला सांगितलं असतं. बॅटरी सहज निघणारी असेल तर तीही काढायची, आणि चालू करायचं बटण तीस सेकंद दाबून धरायचं. मग फक्त चार्जर जोडून पुन्हा चालू करून बघायचं. यात जादू नाही. लॅपटॉपमध्ये एक छोटी चिप बटणाकडे सतत लक्ष ठेवून असते. ती अडकली तर बटण दाबलेलं कुणाला कळतच नाही. उरलीसुरली वीज निघून गेली की ती पुन्हा पहिल्यापासून कामाला लागते.

चार्जर काढताक्षणी लॅपटॉप बंद होत असेल, तर संशय बॅटरीवर. खूप तापून बंद होत असेल, तर आत धूळ साचलेली असू शकते. आणि बॅटरी फुगली असेल तर काहीही करून बघू नका. चार्जर काढा, लॅपटॉप वापरू नका, मोठ्या माणसाला सांगा. ती बॅटरी घरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, कारण कचऱ्याच्या ट्रकमध्ये दाबली गेली की ती पेट घेते. बॅटऱ्या घेणारं केंद्र शोधून तिथे द्या.

आजोबांच्या रेकॉर्डिंगचं काय? ते साठवलेलं असतं ड्राइव्हमध्ये, आणि ड्राइव्हला आठवण ठेवायला वीज लागत नाही. फक्त न साठवलेलं लिखाण जातं. म्हणून दुरुस्तीला देताना एक वाक्य पाठ करा: ‘माझ्या फाइल पुसू नका.’ ड्राइव्हला कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की शोधून ठेवा. ती नसेल तर फाइल असूनही उघडत नाहीत.

लॅपटॉप इथल्या दुकानातून घरच्या वापरासाठी घेतला असेल, तर 1993 चा ग्राहक हमी कायदा तुमच्या बाजूने आहे. वस्तू वाजवी काळ टिकली पाहिजे, असं तो म्हणतो. कंपनीची वॉरंटी संपली तरी दुकानदाराला विचारता येतं. पावती मात्र जपून ठेवा.

शब्द

बिघडणे – नीट न चालणे
बॅटरी उतरणे – बॅटरीतली वीज संपणे
फुगणे – आतून मोठे होणे (पुरी फुगते, फुगा फुगतो)
वाजवी – योग्य, पटेल इतका

स्वाध्याय

1. तो, ती की ते? चार्जर, बॅटरी, बटण, पडदा, वीज, रेकॉर्डिंग.
2. ‘केला’, ‘झाला’ की ‘पडला’? झोपण्याआधी मी टीव्ही बंद ___ . बॅटरी संपल्यावर फोन बंद ___ . आजोबांचा जुना रेडिओ कायमचा बंद ___ .
3. मावशीने टेबललॅम्प लावायला का सांगितलं? दोन वाक्यांत लिहा.
4. तुमच्या घरातल्या एका चार्जरवरचे आकडे वाचा आणि तो किती वॉटचा आहे ते काढा.
5. भारतातल्या एखाद्या नातेवाइकाला फोन करा, लाइट गेली की ते काय करतात ते विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.