क्षमता आहे, पण उतार कुठे आहे?

‘मुलात क्षमता आहे हो, पण तो मनावर घेत नाही.’ पालकसभेत हमखास ऐकू येणाऱ्या या वाक्यात क्षमता ही मुलाच्या आत कुलूपबंद असलेली ठेव आहे, असे गृहीत धरलेले असते. शाळेत शिकवली जाणारी स्थितिज ऊर्जा, म्हणजे ‘पोटेन्शियल एनर्जी’, मात्र तशी नसते. ती एकट्या वस्तूची नव्हे, वस्तू आणि पृथ्वी यांच्या परस्पर स्थानाची असते. कुठपासून मोजायची हे ठरवल्याशिवाय तिचा आकडाच सांगता येत नाही. कोयनेचेच पाहा. नदी मुळात कृष्णेकडे, म्हणजे पूर्वेला जाते. धरण १०३ मीटर उंच, तेव्हा पायथ्याशी वीज करायची तर पाण्याला फार तर तेवढाच उतार. तेच पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीच्या वीजघराकडे वळवले, की साडेचारशे मीटरहून अधिक खाली कोसळते. पाणी तेच, पण लिटरमागे ऊर्जा चौपटीहून जास्त. अर्थात, त्यासाठी डोंगर पोखरावा लागला. मुलाच्या क्षमतेचेही तसेच: त्याला कोणता उतार मिळतो, यावर ती ठरते.

मग क्षमता मोजणाऱ्या चाचण्यांचे काय? अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ पासून उच्च बुद्ध्यंकाची मुले निवडून त्यांचा पाठपुरावा केला. चाचणी देऊनही निवड न झालेल्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्व्हारेझ होते. या दोघांना पुढे १९५६ आणि १९६८ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. दोन उदाहरणांवरून चाचण्या मोडीत काढणे उतावीळपणाचे ठरेल, कारण निवडलेली बरीच मुलेही पुढे चमकली. पण चाचणी त्या दिवसाची पातळी सांगते, पुढचा उतार नाही. कलचाचणीचा अहवाल हातात आला की तो तेवढ्यापुरताच वाचावा.

‘म्हणजे कोणीही काहीही होऊ शकतो?’ नाही. जलाशयच कोरडा असेल तर उतार काय कामाचा! गणिताची खरीखुरी नावड असलेल्या मुलाला दोन वर्षे जेईईच्या क्लासला बसवणे म्हणजे पैसा आणि उमेद दोन्ही घालवणे. ‘पण प्रयोग करायला वेळ कुठे आहे?’ ही पालकांची धास्ती खरी आहे, तरी दहावीनंतरची प्रत्येक वाट एकेरी नसते. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. तेव्हा यंदाचा प्रवेश अर्ज भरण्याआधी टक्केवारी बाजूला ठेवून मुलाला एवढेच विचारा: न सांगता तू कशात तासन्‌तास रमतोस? आणि त्या कामाची माणसे जिथे असतात, तिथे त्याला सुट्टीत महिनाभर पाठवा.