मोहरीचे घराणे

मुलांनो, घरी डाळीला फोडणी देतात, म्हणजेच बघार देतात, तेव्हा कढईत काय तडतडते? बारीक, काळे दाणे. उर्दूत त्यांना राई म्हणतात, मराठीत मोहरी.

हिवाळ्यात नागपूरच्या कॉटन मार्केटमधील भाजीबाजारात जा. तेथे मोहरीचे नातेवाईक भेटतील. मुळा, शलगम, पानकोबी, फुलकोबी आणि नवलकोल! मुळ्याचे आपण मूळ खातो, पानकोबीची पाने खातो, फुलकोबीच्या कळ्यांचा गड्डा खातो आणि नवलकोलचे फुगलेले खोड खातो. रूपे इतकी वेगळी, मग नाते कसे ओळखायचे?

फूल पाहा. त्याला चार पाकळ्या असतात. त्या अधिकच्या (+) चिन्हासारख्या मांडलेल्या असतात. आत सहा पुंकेसर असतात, चार लांब व दोन आखूड. फुलानंतर शेंग येते. मुळ्याच्या कोवळ्या शेंगांना डिंगऱ्या म्हणतात व त्यांची भाजी करतात. आणखी एक खूण म्हणजे तिखटपणा. मोहरीचा अख्खा दाणा जिभेवर ठेवला तर तिखट लागत नाही. तो चावला की त्यातील दोन पदार्थ एकत्र येतात आणि तिखटपणा तयार होतो. शास्त्रज्ञ या घराण्याला ‘ब्रॅसिकेसी’ म्हणतात.

आता एक सावधगिरीची गोष्ट. पडीक जमिनीवर पिवळा धोतरा उगवतो. त्याचे दाणे मोहरीसारखेच काळे व गोल असतात. पण तो या घराण्यातला नाही. तो खसखशीच्या घराण्यातला आहे. त्याची पाने काटेरी असतात. त्याच्या फुलाला बहुधा सहा पाकळ्या व पुष्कळ पुंकेसर असतात. देठ तोडला की पिवळा चीक निघतो. त्याच्या बियांचे तेल विषारी असते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात हे तेल मिसळले गेले. लोकांचे पाय सुजले, हृदये दुर्बल झाली आणि साठाहून अधिक माणसे दगावली.

दाणे सारखे दिसले, म्हणून घराणे एक होत नाही. म्हणून सुटे तेल घेऊ नका, बंद डब्यातले घ्या. आणि रोप ओळखताना फुलाला विचारा. ते खरे सांगते.

शब्दार्थ : घराणे – कुटुंब, खानदान. पडीक – न पेरलेली. चीक – झाडातून निघणारा चिकट रस. दगावणे – मरण पावणे.

करून पाहा : थंडीत कुंडीत मोहरी पेरा. फुले आल्यावर पाकळ्या व पुंकेसर मोजा आणि वहीत चित्र काढा.