दुरून तुटणारी वीज

पूर्वी थकबाकीकरिता वीज तोडावयाची झाल्यास वायरमनला खांबाशी यावे लागे. स्मार्ट मीटरमध्ये तोडण्याची कळ मीटरच्या पोटातच असते, व दूरच्या कचेरीतून हुकूम सुटताच ती पडते. सोय मोठी खरी; परंतु एक चुकीचा हुकूम हजारो घरांस एकदम लागू पडतो. उत्तर प्रदेशात १२ ऑगस्ट २०२० रोजी, ऐन गोकुळाष्टमीस, असेच होऊन दीड लाखांवर ग्राहकांची वीज गेली. युक्रेन देशात २३ डिसेंबर २०१५ रोजी घुसखोरांनी दुरूनच उपकेंद्रे बंद पाडून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांस अंधारात ठेविले.

केंद्राच्या २०२१ च्या मीटरयोजनेतून कृषिपंप वगळले आहेत. तथापि फैजपूर, यावल, रावेरकडील बागाइतदाराचे घर, दुकान व केळी पिकविण्याची कोठी यांस हा प्रश्न आहेच. कोठीतील थंडावा गेला की माल हातचा जातो.

याकरिता वाचकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या:

१. वीज कायदा २००३, कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

२. बिल वादग्रस्त असल्यास कलमात सांगितलेली रक्कम हरकत नोंदवून भरावी. निकालापर्यंत वीज तोडता येत नाही. पावती जपावी.

३. ‘आज रात्री वीज तुटेल, या क्रमांकावर बोला’ असा निरोप आल्यास तो ठकाचा समजावा व १९१२ वर खात्री करावी.

महसुलात जप्तीपूर्वी मागणीची नोटीस निघते. तद्वत् एकाच वेळी अनेकांची वीज तोडणारा हुकूम दोन अधिकाऱ्यांच्या संमतीवाचून सुटू नये, अशी मागणी गावोगावच्या सोसायट्यांनी ठरावाने करावी.