फवारणी यंत्रातील पेट्रोल आणि बॅटरी : साठवणीची मुदत व निगा

मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी दिसू लागली की फवारणीस फार थोडे दिवस मिळतात. अळी लहान असते तोवर ती औषधाने मरते. मोठी होऊन पोंग्यात खोल शिरली व आपल्याच विष्ठेआड दडली की तीच मात्रा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. नेमक्या अशा वेळी गेल्या हंगामात खोपीत ठेवलेला पंप बाहेर काढावा, दोरी वीस वेळा ओढावी आणि इंजिनाने दाद देऊ नये, हा प्रकार गावोगाव घडतो. दोष यंत्राला दिला जातो. वास्तविक पुष्कळ वेळा यंत्र निर्दोष असते. त्याच्या टाकीतील पेट्रोल शिळे झालेले असते, किंवा बॅटरी पडून पडून निकामी झालेली असते. या दोन्ही वस्तू किती काळ टिकतात आणि कशाने नासतात, हे ठाऊक असल्यास हे नुकसान टाळता येते.

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून हलक्या व जड अशा अनेक तेलांचे ते मिश्रण होय. त्यातील हलका भाग प्रथम पेट घेतो व थंड इंजिन सुरू करतो. दुर्दैवाने हाच भाग सर्वांत आधी उडून जातो. झाकण सैल असेल आणि डबा पत्र्याच्या खोलीत असेल, तर विदर्भातील उन्हाळ्यात ही क्रिया विशेष जलद होते. मागे राहिलेल्या जड भागावर हवेतील प्राणवायूची क्रिया होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. कार्बोरेटरमधील जेटचे छिद्र सुईच्या टोकाएवढे असल्यामुळे थोडासा डिंकही ते बंद करण्यास पुरेसा होतो.

याशिवाय अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण देशात २०२२ मध्ये गाठले गेले आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. ऊस व धान्य पिकविणाऱ्यांना यातून बाजार मिळाला, हे खरे. परंतु साठवणीच्या दृष्टीने त्यात एक अडचण आहे. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या, सैल झाकणाच्या टाकीत पाणी हळूहळू वाढते आणि ते एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी मिळून वेगळे होतात व तळाशी बसतात. इंजिनाला इंधन टाकीच्या तळातूनच मिळत असल्याने पहिला घोट या पाण्याचा जातो; धातूचे भागही गंजतात. संशय आल्यास थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन काही वेळ स्थिर ठेवावे. दोन थर दिसले, तर ते पेट्रोल कोणत्याही यंत्रात घालू नये. ताज्या पेट्रोलमध्ये मिसळून ते सुधारत नाही. ते चुलीत, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. गॅरेजमधील जाणत्या माणसाच्या स्वाधीन करावे. रंग गडद झाला असेल किंवा आंबूस, रोगणासारखा वास येत असेल, तर पेट्रोल शिळे झाले असे समजावे.

आता मुदतीविषयी. यंत्राच्या टाकीत पेट्रोल एक महिन्याहून अधिक काळ ठेवू नये. घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, सावलीत, जवळजवळ काठोकाठ भरून ठेवलेले पेट्रोल तीन महिन्यांच्या आत वापरावे. सहा महिन्यांनंतर त्यावर विसंबू नये. फुगण्यासाठी वर थोडी जागा मात्र अवश्य सोडावी. दोन-स्ट्रोक इंजिनासाठी ऑइल मिसळलेले पेट्रोल महिनाभरापेक्षा जास्त साठवू नये. रोजच्या कामापुरतेच मिश्रण करणे उत्तम. डिझेल त्या मानाने सहा महिने ते वर्षभर टिकते. त्याचा शत्रूही पाणीच होय, म्हणून ट्रॅक्टर उभा करताना टाकी भरून ठेवावी, म्हणजे आतील हवेतला ओलावा थेंबांच्या रूपाने साचत नाही. डब्यावर भरल्याची तारीख रंगाने लिहिण्याची सवय लावावी.

साठा किती करावा यालाही कायद्याची मर्यादा आहे. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच बाळगता येते, आणि धातूचे एक भांडे २५ लिटरपेक्षा मोठे असू नये. शीतपेयाच्या बाटलीत पेट्रोल ठेवण्याची चाल तर सर्वस्वी घातक आहे. घरातील लहान मूल ती सहज तोंडाला लावते.

हंगाम संपल्यावर पंप आत ठेवण्यापूर्वी तो मोकळ्या जागी, विडी-काडी व चुलीपासून दूर न्यावा. टाकीतील पेट्रोल नरसाळ्याने डब्यात काढावे आणि इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. यामुळे कार्बोरेटरमधील उरलेले पेट्रोल जळून जाते. नळीने तोंडाने पेट्रोल ओढणे किंवा तुंबलेले जेट तोंडाने फुंकणे कटाक्षाने टाळावे. फवारणीचे विष ज्या यंत्राला लागलेले असते, ते ओठांना लावणे याहून मोठा अविचार नाही.

पेट्रोल काढून ठेवायचे असते, तर बॅटरी भरून ठेवायची असते. हा फरक ध्यानात न आल्यामुळे पुष्कळ बॅटऱ्या वाया जातात. ट्रॅक्टरची तसेच पाठीवरच्या बऱ्याच पंपांची बॅटरी शिसे व गंधकाम्लाची असते. वापर नसला तरी तिच्यातील वीज रोज थोडी कमी होते आणि उष्णतेत हा ऱ्हास वाढतो. वीज कमी झाली की पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचा थर बसतो. लगेच चार्ज केल्यास तो विरघळतो. दोन-तीन महिने तसाच राहिल्यास त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि मग कितीही चार्ज केले तरी बॅटरी पूर्ववत होत नाही. याकरिता फवारणी संपताच त्याच दिवशी पंप चार्जिंगला लावावा. हंगामानंतर पूर्ण चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावा व दर दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावा. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर, काही तास विसावल्यानंतर, सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली आल्यास चार्जिंग लांबणीवर टाकू नये.

ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल, तर प्रथम ऋण टोकाची तार सोडवावी, म्हणजे पाना इतर धातूस लागून ठिणगी पडत नाही. झाकणे असलेल्या बॅटरीत पातळी कमी झाल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीच्या पाण्यातील क्षार पट्ट्या खराब करतात. वरून आम्ल तर मुळीच ओतू नये. चार्जिंग चालू असताना पेट घेणारा वायू निघतो, म्हणून खोली हवेशीर असावी. बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते, असा समज सर्वत्र आहे. पूर्वीच्या लाकडी किंवा रबरी पेटीच्या काळी त्यात तथ्य असेल. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला फरशीमुळे काही होत नाही.

लिथियमची बॅटरी असलेल्या पंपाचा नियम वेगळा आहे. ती निम्म्याच्या आसपास भरलेल्या स्थितीत, उन्हापासून दूर ठेवावी. पूर्ण भरून तापलेल्या खोलीत ठेवल्यास तिचे आयुष्य घटते. रात्री पाणी देण्यास जाताना लागणाऱ्या विजेरीचे सेल पावसाळ्यानंतर बाहेर काढून ठेवावेत, अन्यथा ते पाझरून स्प्रिंग खाऊन टाकतात.

नवी बॅटरी घेताना तिच्यावरील निर्मितीचा महिना दुकानदाराकडून समजून घ्यावा. आम्ल भरलेली व सहा महिने चार्जिंगविना पडून असलेली बॅटरी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. जुनी बॅटरी घरी फोडून शिसे वितळविण्याचा खटाटोप करू नये, कारण त्याचा धूर मुलांच्या बुद्धीवर व रक्तावर परिणाम करतो. ती दुकानदारास परत द्यावी. नवीन घेताना तिची किंमत बहुधा वजा करून मिळते.