वीज लागणार, असं म्हणालं कोण?

मेरिलँडमधलं फ्रेडरिक. काका इथे मुलाकडे राहतात. त्यांची उमेदीची वर्षं महाराष्ट्रात अतिउच्चदाब वाहिन्यांच्या कामात गेली. पुतणी मृणाल पोटोमॅक नदीपलीकडे, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला एका डेटा सेंटर कंपनीत नोकरी करते. फ्रेडरिक काउंटीतून ५०० केव्हीची नवी वाहिनी न्यायचं चाललंय आणि शेतांच्या कडेला विरोधाच्या पाट्या लागल्या आहेत. बोलणं त्या पाट्यांवरूनच सुरू झालं.

मृणाल : काका, खरं सांगू? मला या लोकांचं पटत नाही. वीज सगळ्यांना हवी, टॉवर मात्र दुसऱ्याच्या शेतात हवा.

काका : वीज हवी हे मान्य. किती हवी, हे कोणी ठरवलं? ते आधी विचार. याच भागात हा प्रश्न एकदा विचारून झालाय. ‘पोटोमॅक-अ‍ॅपलाचियन ट्रान्समिशन हायलाइन’, लोक ‘पाथ’ म्हणायचे. ७६५ केव्ही. वेस्ट व्हर्जिनियातल्या एमॉस या कोळशाच्या वीजकेंद्रापासून निघायची आणि तुमच्या लाउडन काउंटीतून इथल्या केम्पटाउनपर्यंत यायची. सुमारे ४४० किलोमीटर. खर्च सुरुवातीला १८० कोटी डॉलर सांगितला होता.

मृणाल : कुठे आहे ती? मी तर कधी पाहिली नाही.

काका : दिसेल कशी? झालीच नाही. पीजेएम, म्हणजे १३ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसीचं ग्रिड सांभाळणारी संस्था, तिनं २००७ मध्ये ‘ही वाहिनी अत्यावश्यक’ म्हणून मंजूर केली. २०१२ पर्यंत उभी राहिली नाही तर जुन्या वाहिन्यांवर जादा भार येईल, असं गणित होतं. मग २०१२ चं २०१३ झालं, २०१४ झालं, २०१५ झालं. फेब्रुवारी २०११ मध्ये काम थांबवलं आणि ऑगस्ट २०१२ मध्ये पीजेएमनंच ती आराखड्यातून काढून टाकली.

मृणाल : विरोधामुळे?

काका : मागणी घटल्यामुळे. विरोधकांनी एवढंच केलं की ती घटेपर्यंत खड्डे खणू दिले नाहीत. हे ‘एवढंच’ फार मोठं आहे. २००७ मध्ये अमेरिकेत ४,१५७ अब्ज युनिट वीज तयार झाली, २००९ मध्ये ३,९५० अब्ज. मंदीत कारखाने बंद पडले, हे एक कारण. पण मंदी ओसरल्यावरही जुना वेग परत आला नाही. दिवे बदलले, फ्रिज, एसी, मोटारी कमी वीज खाऊ लागल्या. शिवाय ऐन गर्दीच्या तासाला वापर कमी करणाऱ्यांना पैसे मिळू लागले, आणि अशा बचतीचे हजारो मेगावॅट पीजेएमच्या लिलावात उतरले. वाहिनी बांधतात ती कमाल मागणीसाठी, वर्षाच्या बेरजेसाठी नव्हे. पीजेएमचा उच्चांक, आजची सगळी हद्द धरून, १,६५,५६३ मेगावॅट. तो २००६ च्या उन्हाळ्यातला. २०२५ च्या उन्हाळ्यातही तो मोडला नाही.

मृणाल : बरं, पण तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं? समजा वाहिनी बांधली नसती आणि मागणी वाढली असती, तर? लाइट गेली असती ना?

काका : येतो त्याच्यावर. आधी अंदाज कोण करतं ते बघ.

मृणाल : नाही काका, आधी हेच. मी लोडशेडिंगमध्ये दहावीचा अभ्यास केलाय. आमच्या गावी वीज कधी येणार यावर आईचं दळण ठरायचं. ‘वाहिनी नको’ ऐकलं की मला ते आठवतं.

काका : तुझी भीती खोटी नाही. पण आपल्याकडचं लोडशेडिंग कशामुळे होतं? वीजच पुरेशी तयार होत नव्हती. आणखी टॉवर उभे केले असते तर त्या तारांतून काय वाहिलं असतं? आता इथलं घे. १४ ऑगस्ट २००३. ओहायोतून सुरुवात झाली आणि पाच कोटी लोक अंधारात. पहिल्या ज्या ३४५ केव्ही वाहिन्या पडल्या, त्यांतली एक क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी भारावर होती. मग पडली का? तार तापली की लांबते, लांबली की झोळ वाढतो, आणि झोळाखाली झाड होतं. कंपनीनं झाडं छाटली नव्हती. तार झाडाला टेकली, वाहिनी ट्रिप झाली, तिचा भार शेजारणीवर गेला, ती तापली, तिचाही झोळ वाढला. वरून नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी संगणक यंत्रणा बंद पडलेली, तिथल्या माणसांना पत्ताच नाही. कोयता आणि चालू असलेला संगणक, दोन्ही असते तर निभावलं असतं. पण त्या अपघाताचं नाव घेऊन २००५ मध्ये कायदा झाला आणि नव्या वाहिन्यांना खास सवलती मिळाल्या.

मृणाल : म्हणजे लाइट जाणारच नव्हती?

काका : गेली की. २९ जून २०१२ चं वादळ! या सगळ्या पट्ट्यात लाखो घरं अंधारात, काही तर आठवडाभर. गल्लीतले खांब आणि त्यांवर पडलेली झाडं. ७६५ केव्हीचा टॉवर तिथे काय करणार होता? आणि खरोखर जिथे तारा अपुऱ्या होत्या, तिथे उपाय झाला. ‘ट्रेल’ नावाची ५०० केव्हीची वाहिनी विरोध असूनही २०११ मध्ये पूर्ण झाली. माउंट स्टॉर्म ते डब्ज ही १९६० च्या दशकातली वाहिनी त्याच पट्ट्यात नव्यानं बांधली. जुने टॉवर काढले, नवे उभारले, जाड तारा ओढल्या, क्षमता दीडपटीहून जास्त झाली. डब्ज उपकेंद्र आपल्याच काउंटीत आहे, उद्या दाखवतो. पट्टा तेवढाच राहिला, एका शेतकऱ्याचीही नवी जमीन लागली नाही.

मृणाल : हं. आता अंदाजाचं सांगा.

काका : लग्नात किती पानं उठतील हे आचाऱ्याला विचारलं आणि त्याला पैसे पानामागे मिळणार असले, तर तो कमी आकडा सांगेल? २००८ मध्ये केंद्रीय नियामक आयोगानं ‘पाथ’ला भांडवलावर १४.३ टक्के परतावा मंजूर केला. प्रकल्प बारगळला तरी खर्च ग्राहकांकडून वसूल करायची मुभा दिली. बांधली तरी पैसे, नाही बांधली तरी पैसे! शेवटी एक फूटही तार न ओढता सुमारे १२ कोटी १० लाख डॉलर मागितले.

मृणाल : आणि मिळाले?

काका : बरेचसे. पण वेस्ट व्हर्जिनियातल्या दोन बायकांनी, वकील नसताना, हिशेबाच्या वह्या तपासल्या. वाहिनीच्या जाहिराती, प्रचार, लोकमत वळवणं, हेही बिलात! सुमारे ६० लाख डॉलर. २०१७ मध्ये आयोगानं ते नामंजूर केले, २०२० मध्ये आपलाच निकाल फिरवला, आणि २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं त्या दोघींची बाजू घेतली. वर्षानुवर्षं नेटानं पाठपुरावा! आणि आपल्याकडे? १८८५ चा टेलिग्राफ कायदा वापरून शेतात टॉवर उभा करतात. जमीन कागदावर शेतकऱ्याचीच, म्हणून संपादनाचा मोबदला नाही, फक्त नुकसानभरपाई. चार पायांच्या मधल्या जागेत ट्रॅक्टर वळत नाही, वाहिनीखाली विहीर खणायची तरी भीती. मी मोजणीला गेलो की म्हातारी माणसं पाणी द्यायची आणि विचारायची, ‘साहेब, पैसे कधी?’ वरच्यांना कळवलं तर उत्तर, ‘तुम्ही खुणा मारा.’ केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत टॉवरखालच्या जमिनीला किमतीच्या ८५ टक्के होते, २०२४ मध्ये २०० टक्के केले. इतकी वर्षं लागली! आणि अजूनही ही वाहिनी हवी कशाला, हे विचारायची जागा शेतकऱ्याला नाही. इथे ती आहे, सुनावणी होते. ती जागा वापरणाऱ्यांना तू स्वार्थी म्हणतेस?

मृणाल : चिडू नका. पण आता मागणी घटत नाहीये, काका. अ‍ॅशबर्नला आमच्या इमारतीच बघा, एक संपते तोवर दुसरी उभी. या वेळी अंदाज खरा ठरला तर? तेव्हा लाइट...

काका : पुन्हा लाइट! खरा ठरेलही. मी नाही म्हणत नाही. या नव्या वाहिनीला पीजेएमनं डिसेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. सुमारे १०८ किलोमीटर, बाल्टिमोर काउंटीतून पुन्हा त्या डब्जपर्यंत. कारणांत तुमची डेटा सेंटर्स वरच्या ओळीत. तूच सांग, तुमची कंपनी नवी जागा शोधते तेव्हा वीज किती ठिकाणी मागते?

मृणाल : दोन-तीन ठिकाणी तरी. जिथे आधी मिळेल तिथे बांधायचं. उरलेले अर्ज सोडून द्यायचे.

काका : आणि ते सगळे आकडे बेरजेत धरले जाऊ शकतात.

मृणाल : ...हे मी कधी असं पाहिलंच नव्हतं.

काका : म्हणून सुनावणीत ‘आमचं निसर्गसौंदर्य जातं’ एवढं म्हणून भागत नाही. ते खरंच असतं, पण राज्याचा आयोग वाहिनीची गरज तपासतो. ‘पाथ’वाल्यांना व्हर्जिनियात आपला अर्ज मागे घ्यावा लागला, कारण मागणीचे ताजे आकडे घालून गणित पुन्हा मांडल्यावर ती तारीखच टिकेना. विचारायचं ते हे : यातल्या किती मागणीचे करार झालेत? अनामत किती भरली? जुन्याच पट्ट्यात तारा बदलून किती भागतं? आणि डेटा सेंटर आलंच नाही, तर वाहिनीचे हप्ते कोण फेडणार?

मृणाल : करारांचे आकडे कंपन्या उघड करत नाहीत. व्यावसायिक गुपित म्हणतात.

काका : मग आयोगाला सांगायचं, बंद लिफाफ्यात घ्या, पण घ्या. तो आकडा समोर आल्याशिवाय कुणाच्या शेतात खुणेची खुंटी ठोकायची नाही.

मृणाल : पुढची सुनावणी कधी आहे? मी येते. फक्त मी कुठे नोकरी करते ते सांगावं लागेल ना?

काका : सांग की. तेच आधी सांग.